दोन भाऊ आणि एक बोली

फ्रान्सच्या पूर्व सरहद्दीवर, ऱ्हाईन नदीच्या सपाट व सुपीक मैदानाच्या पश्चिमेस, व्होज नावाचा जो अरण्यमय पर्वत पसरलेला आहे, त्याच्या कुशीत ब्रूश नदीच्या वरच्या अंगाला एक लहानसा मुलूख आहे. फ्रेंचमध्ये त्यास ‘बान द ला रोश’ आणि जर्मनमध्ये ‘स्टाइन्टाल’ म्हणतात. ‘बान’ म्हणजे जहागीरदाराच्या हुकमतीखालील टापू आणि ‘रोश’ म्हणजे खडक. तेव्हा या नावाचा मराठीत ‘खडकाचा अंमल’ असा अर्थ केल्यास तो फारसा चुकणार नाही. ज्या किल्ल्यावरून हे नाव पडले तो केव्हाच जमीनदोस्त झाला. खडक मात्र शिल्लक राहिला, आणि त्या खडकावर राई, ओट व बटाटे पिकवून पोट भरण्याचे कर्म तेथील रयतेच्या वाट्याला आले. स्ट्रासबूर्ग शहरापासून पन्नास-साठ किलोमीटरांच्या आतच असलेल्या या मुलखात, १०९९ मीटर उंचीच्या शां द्यू फ या माथ्याच्या उतारावर, बीच आणि फर वृक्षांच्या दाट रानांनी वेढलेल्या एका आडव्या दरीत वाल्डर्सबाख हे गाव वसलेले आहे. त्याची वस्ती आजही शे-दीडशेच्या घरातच आहे. पण बालशिक्षणाच्या इतिहासात या चिमुकल्या गावाला जे स्थान लाभले, ते मोठमोठ्या राजधान्यांनाही लाभलेले नाही.

हा इतिहास सांगणारे बहुतेक लेखक तो एका पुण्यशील धर्मोपदेशकाच्या चरित्राच्या रूपाने सांगतात, आणि ते चरित्र तसे सांगण्याजोगे आहेही. तथापि या गावाची कहाणी मुळात एका बोलीची कहाणी आहे, आणि त्या बोलीच्या संबंधात दोन सख्ख्या भावांनी एकाच काळी, सारख्याच आस्थेने, परस्परविरुद्ध अशी जी दोन कार्ये केली त्यांची कहाणी आहे, असे मला वाटते.

आल्सास प्रांत हा बोलण्याचालण्यात जर्मन वळणाचा. सतराव्या शतकात तो फ्रान्सच्या राजाच्या छत्राखाली आला, तरी त्याच्या मैदानातील गावांतून जर्मन बोलीच नांदत राहिली. पर्वताच्या या कोपऱ्यात मात्र भाषेची सरहद्द राजकीय सरहद्दीला न जुमानता अलीकडे सरकलेली होती. येथील लोक लॅटिनपासून निघालेली, लोरेन प्रांतातील बोलींच्या गोतावळ्यातली एक जुनाट बोली बोलत. पॅरिसच्या सुशिक्षिताला ती नीट उमजत नसे आणि स्ट्रासबूर्गच्या जर्मनभाषी व्यापाऱ्याला तर मुळीच उमजत नसे. जर्मन शेजारी या लोकांना ‘वेल्श’ म्हणत, म्हणजे परक्या लॅटिन वळणाच्या भाषेचे लोक. भाषेने हे लोक पश्चिमेकडच्या लोरेनचे सोयरे होते खरे. पण १५८४ साली ही जहागीर राट्समहाउझेन घराण्याकडून फेल्डेन्झच्या लूथरपंथी सरदाराने विकत घेतली, आणि राजाचा धर्म तोच प्रजेचा धर्म या तत्कालीन शिरस्त्याप्रमाणे साऱ्या खोऱ्याला लूथरचा पंथ स्वीकारावा लागला. परिणाम असा झाला, की पूर्वेच्या शेजाऱ्यांशी भाषा जुळेना आणि पश्चिमेच्या शेजाऱ्यांशी धर्म जुळेना. पर्वताने घातलेल्या कुंपणाच्या आत माणसांनी आणखी दोन कुंपणे घातली, आणि त्या तिहेरी बंदिवासात ती बोली, दाराआड ठेवलेल्या जुन्या पितळी भांड्यासारखी, न झिजता शतकानुशतके टिकून राहिली.

पुढचे शतक या खोऱ्याला भयंकर गेले. चेटकिणींवरील खटल्यांनी कित्येक घरे उद्ध्वस्त झाली. त्यातून जे वाचले त्यांना १६१८ ते १६४८ पर्यंत चाललेल्या तीस वर्षांच्या युद्धाने, दुष्काळाने आणि रोगराईने गाठले. ओस पडलेल्या गावठाणांत पुढे स्वित्झर्लंडमधून आणि माँबेल्यारच्या बाजूने नवी कुळे येऊन वसली, आणि तीही हळूहळू येथल्याच बोलीत बोलू लागली. एवढे होऊनही मुलूख दरिद्रीच राहिला. नदीवर धड पूल नाही, डोंगरातून खाली उतरावयास गाडीवाट नाही, हिवाळ्यात महिनोन् महिने बर्फ. आणि ज्या अरण्याच्या आश्रयाने दिवस काढावयाचे, त्या अरण्यावर जहागीरदाराचा डोळा. रोतो येथील लोखंडाच्या भट्ट्यांना कोळसा लागे. कोळशासाठी जंगल लागे. आणि सरपण, इमारती लाकूड व जनावरांची चराई या गावकऱ्यांच्या पूर्वापार वहिवाटीच्या हक्कांना त्यामुळे पदोपदी बाध येई. तेव्हा धनी आणि रयत यांच्यात अरण्याबद्दल जो दावा उभा राहिला, तो पिढ्यान् पिढ्या चालला.

अशा या गावात १७५० साली झाँ-जॉर्ज स्टुबर हा तरुण धर्मोपदेशक येऊन दाखल झाला. तो पहिल्यांदा शाळा पाहावयास गेला त्या वेळची एक गोष्ट सर्व चरित्रकार सांगतात. एका मोडक्या झोपडीत मुलांचा गलका चाललेला असून कोपऱ्यातील खाटेवर एक जराजर्जर म्हातारा पडलेला होता. तोच शाळामास्तर. तू मुलांना काय शिकवतोस, असे स्टुबरने विचारता, काहीच नाही, कारण मला स्वतःलाच काही येत नाही, असे त्याने प्रांजळपणे सांगितले. पूर्वी हा गृहस्थ गावची डुकरे राखीत असे. डुकरांमागे धावण्याचे त्राण उरले नाही तेव्हा गावाने त्याच्याकडे मुले सोपविली होती! या गोष्टीत हसण्यासारखे पुष्कळ आहे, पण त्याहून अधिक ती समजून घेण्यासारखी आहे. ज्या गावाला पुस्तकाची भाषा आपली वाटत नाही, त्या गावाला शाळा ही मुले कोंडण्याच्या कोंडवाड्यापलीकडे काय वाटावी? मास्तरकीची अप्रतिष्ठा एवढी, की कोणी बरा कुटुंबवत्सल मनुष्य आपल्या मुलाला त्या कामास देईना. तेव्हा स्टुबरने त्या हुद्द्याचे नावच बदलून त्याला भारदस्त नाव दिले, आणि मग त्याच घरांतील मुले पुढे आली. त्याने वाचनाची पद्धतशीर पुस्तिका तयार केली. फ्रेंच बायबलच्या पन्नास प्रती मिळवून, प्रत्येकीचे तीन भाग करून, पन्नासांच्या दीडशे केल्या आणि त्या घरोघर फिरविल्या. खेड्यातील फिरत्या ग्रंथालयाचा हा एक आद्य प्रयोग म्हणावयास हरकत नाही.

स्टुबर १७६७ साली स्ट्रासबूर्गला गेला आणि जाताना आपल्या गादीवर त्याने जो मनुष्य आणून बसविला, तो झाँ-फ्रेदेरिक ओबर्लिन. स्ट्रासबूर्गमधील एका शिक्षकाच्या घरी १७४० साली जन्मलेला हा सव्वीस वर्षांचा तरुण वाल्डर्सबाखला आला तो एकोणसाठ वर्षांनी, १८२६ साली, मृत्यूनेच तेथून हलविला. त्याने काय काय केले याची यादी करू लागल्यास ती एखाद्या सुभ्याच्या कारभाऱ्याला शोभेल अशी होईल. निःसत्त्व झालेल्या बटाट्याचे बियाणे त्याने बदलले. फळझाडांच्या रोपवाटिका काढल्या. इतकेच नव्हे तर धर्मदीक्षा घेणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने झाडे लावल्याचा दाखला आणावा असा दंडक घातला. हुशार मुलांना गवंडी, सुतार, लोहार होण्यासाठी शहरात उमेदवारीस धाडले, अडलेल्या शेतकऱ्यासाठी कर्जफंड काढला. शाळेच्या इमारतीची गोष्ट काढताच दुरुस्तीचा खर्च आपल्या बोकांडी बसेल या भयाने गावकरी बिथरले, तेव्हा गावावर एक पैचा बोजा पडणार नाही अशी लेखी हमी देऊन त्याने १७६९ मध्ये शाळा उभी केली.

परंतु या सर्वांहून त्याचे गाजलेले काम म्हणजे रस्ता. खडक फोडून, खचणाऱ्या कड्यांना दगडी भिंतींचा आधार देऊन, ब्रूश नदीवर पूल टाकून, आपला मुलूख स्ट्रासबूर्गच्या हमरस्त्याला जोडावा हा त्याचा बेत ऐकून लोकांनी माना हलविल्या. जहागीरदाराची वेठ करून ज्यांचे खांदे मोडले होते, त्यांना आणखी एक वेठ नको होती. तेव्हा उपदेशाचे शब्द बाजूस ठेवून ओबर्लिनने कुदळ खांद्यावर घेतली आणि काम सुरू केले; मागोमाग एकेक करून गाव आला. तो पूल आजही ‘दयेचा पूल’ या अर्थाच्या नावाने ओळखला जातो. रस्ता झाला आणि लाकूड, बटाटे व सूत खाली उतरू लागले. वर काय चढू लागले, याचा विचार त्या वेळी कोणी केला नसावा. रस्त्याने मीठ आणि लोखंड जसे वर आले तशी भाषाही वर आली.

आता त्या शाळेकडे वळू, जिच्यामुळे वाल्डर्सबाखचे नाव झाले. बेलमों गावी सारा बांझे नावाची एक शेतकऱ्याची मुलगी होती. ती आपल्या घरी शेजारपाजारची लहान मुले गोळा करून त्यांना विणकाम शिकवीत असे, आणि ज्या धंद्यात दाम नाही तो करू नये म्हणून तिचा बाप तिला अडवीत असे. ओबर्लिनला हे कळताच त्याने बापाची समजूत घालून तिला पगारावर नेमले. १७७० च्या सुमारास गावोगाव अशा तरुण स्त्रियांच्या हाती लहान मुले सोपविण्याची पद्धत सुरू झाली. हिवाळ्यात शेगडीने ऊब दिलेल्या खोलीत मुले वर्तुळ करून बसत, हातांत विणकामाच्या सुया असत. म्हणून लोकांनी या शाळांना विणकामाच्या शेगडीवरून नाव दिले. ज्या वयाच्या मुलांना युरोपातील कोणत्याही सरकारने शिक्षणयोग्य मानले नव्हते, त्या वयाची ही मुले. सुया चालत असता ‘चालिका’, म्हणजे कोवळ्या बालकांना हात धरून नेणारी, त्यांना रानातील वनस्पती दाखवी, चित्रे दाखवी, नकाशावर आपले गाव कोठे ते दाखवी, आणि प्रत्येक वस्तूचे नाव प्रथम गावच्या बोलीत व मागून शुद्ध फ्रेंचमध्ये म्हणवून घेई.

पहिले नाव बोलीतले, दुसरे पुस्तकातले. पहिले ओळखीसाठी, दुसरे लक्षात ठेवण्यासाठी. बोली ही येथे शिडीसारखी वापरलेली आहे. शिडी वाईट असे कोणी म्हणत नाही; पण माडीवर पोचलेला मनुष्य ती बरोबर घेऊन हिंडतही नाही. मुलांनी आपसात बोली बोलू नये, फ्रेंच बोलावी, असा ओबर्लिनचा कटाक्ष असे, आणि या कटाक्षामागे तुच्छता नव्हती. ज्या बोलीत अर्ज लिहिता येत नाही, कज्जा चालविता येत नाही, शहरातल्या कारागिराकडे उमेदवारी करता येत नाही, त्या बोलीच्या कुंपणात ही मुले राहिली तर ती आपल्या बापांप्रमाणेच दरिद्री आणि परावलंबी राहतील, हे त्याला स्वच्छ दिसत होते. सारा बांझे १७७४ मध्ये, तिशीही न गाठता, वारली. पण तिने लावलेल्या रोपाला बेलफॉसच्या लुईझ शेप्लरसारख्या स्त्रियांनी पाणी घातले, आणि एका पिढीत गावाची जीभ पालटू लागली.

नेमक्या याच वेळी, म्हणजे १७७५ साली, स्ट्रासबूर्ग येथे एक छोटेखानी ग्रंथ छापून निघाला. ‘बान द ला रोश’च्या परिसरातील लोरेनी बोलीवरील निबंध असा त्याचा विषय आणि कर्ता जेरेमी-झाक ओबर्लिन, आमच्या धर्मोपदेशकाचा पाच वर्षांनी वडील असलेला सख्खा भाऊ. हा भाऊ भाषापंडित, पुराणवस्तूंचा शोधक आणि ग्रंथपाल. ज्या काळी विद्वान म्हणविणारा मनुष्य ग्रीक आणि लॅटिनच्या खाली उतरावयास तयार नसे आणि गावंढळांच्या बोलण्याला फ्रेंचचे विद्रूप झालेले रूप समजे, त्या काळी याने धाकट्या भावाच्या गावातील लोक बोलतात कसे, शब्दांना प्रत्यय लावतात कसे, कोणता शब्द जुन्या फ्रेंचमध्ये सापडतो, याचा शास्त्रीय बुद्धीने विचार केला, त्यांच्या शब्दांचा कोश केला आणि ते सारे छापले. फ्रान्समधील एखाद्या ग्रामीण बोलीचा इतक्या काळजीने केलेला अभ्यास त्यापूर्वी क्वचितच झाला असेल. त्या बोलीत त्याला विद्रूपता दिसली नाही. जुन्या नाण्यावरील पुसट अक्षरे वाचणाऱ्याला जो आनंद होतो तो त्याला लाभला.

म्हणजे एक भाऊ खाली शहरात बसून ज्या शब्दांची मोठ्या प्रेमाने टिपणे करीत होता, तेच शब्द दुसरा भाऊ वर डोंगरात तितक्याच प्रेमाने मुलांच्या तोंडून काढून टाकीत होता. दोघांत भांडण नव्हते. असण्याचे कारणही नव्हते. थोरल्याला शब्द हवे होते, धाकट्याला माणसे. किंबहुना धाकट्याच्या गावाचे दार उघडे नसते, तर थोरल्याला त्या बोलीत शिरकाव मिळाला नसता, आणि ते दार उघडले म्हणूनच ती बोली आता फार काळ टिकणार नव्हती.

पुढे राज्यक्रांती आली. आतापर्यंत एका गावाच्या शाळेत जे ममतेने चालले होते, ते साऱ्या राष्ट्राचे धोरण झाले. आबे ग्रेग्वार या क्रांतिकारक धर्मगुरूने, ज्याचा या दोन्ही भावांशी परिचय होता, १७९० मध्ये देशभर प्रश्नावली पाठवून बोलींची माहिती गोळा केली, आणि १७९४ च्या जूनमध्ये राष्ट्रीय सभेपुढे जो अहवाल ठेवला त्याच्या मथळ्यातच बोली नष्ट करण्याची आवश्यकता सांगितलेली होती. साठ लाख फ्रेंच नागरिकांना राष्ट्रभाषा मुळीच येत नाही असा त्याचा हिशेब होता. त्याच वर्षी राष्ट्रीय सभेने स्टुबर आणि ओबर्लिन यांनी फ्रेंच भाषेच्या प्रसारासाठी केलेल्या सेवेचा गौरवाने उल्लेख केला. विशेष हे, की ज्या राजवटीने धाकट्या भावाच्या भाषाकार्याचा असा सन्मान केला, तिनेच थोरल्या पंडिताला काही काळ मेत्सच्या तुरुंगात ठेविले होते.

या क्रांतीने जहागीरदारालाही सोडले नाही. १७७१ पासून हा मुलूख दीत्रिश या लोखंडाच्या कारखानदार घराण्याकडे होता. त्याच घराण्यातील फ्रेदेरिक दीत्रिश स्ट्रासबूर्गचा नगराध्यक्ष असता त्याच्या दिवाणखान्यात १७९२ च्या एप्रिलमध्ये ‘मार्सेयेज’ हे गीत प्रथम गायिले गेले, आणि पुढच्याच वर्षाच्या डिसेंबरात तो शिरच्छेदास पात्र ठरला. धनी बदलले, राज्ये बदलली, पण अरण्याचा दावा चालूच राहिला. दोन्ही पक्ष खर्चाने खंगले होते. शेवटी ओबर्लिनने मध्यस्थी करून तोड काढली, आणि १८१३ साली तहनामा झाला. त्या वेळी स्ट्रासबूर्गचा प्रीफेक्ट लेझे-मार्नेझिया याने, ज्या लेखणीने सही झाली ती लेखणी ओबर्लिनने आपल्या खोलीत टांगून ठेवावी अशी सूचना केल्याचे सांगतात. या निकालात रस्त्याचा आणि शाळेचा वाटा किती होता हे मोजून सांगता येणार नाही. परंतु ज्यांच्या बापांना कागदावरील मजकूर दुसऱ्याकडून ऐकून घ्यावा लागे, त्यांची मुले आता तो स्वतः वाचून त्याखाली सही करीत होती, एवढे खरे.

बाहेरचे जगही आता त्या रस्त्याने वर येऊ लागले होते. १७७८ च्या जानेवारीत लेन्झ हा मनोविकाराने ग्रासलेला जर्मन कवी ओबर्लिनच्या आश्रयास आला आणि सुमारे तीन आठवडे राहिला. ओबर्लिनने त्या दिवसांचे लिहून ठेवलेले टिपण पुढे गेओर्ग ब्यूखनर याच्या हाती पडले आणि त्यातून जर्मन वाङ्मयातील एक अजोड कथा निर्माण झाली. बाझेलचा लग्राँ हा कारखानदार आपला फितींचा उद्योग घेऊन फुदे गावी आला. त्याचा मुलगा दानियेल लग्राँ याने मजुरांच्या संरक्षणासाठी सर्व राष्ट्रांनी मिळून कायदे करावेत ही कल्पना त्या काळी राजेरजवाड्यांपुढे मांडली. ओबर्लिन १ जून १८२६ रोजी वारला आणि फुदे येथे त्याचे दफन झाले. तीन वर्षांनी लुईझ शेप्लर या वृद्ध चालिकेला फ्रेंच अकादमीने सद्गुणाचे मोंत्याँ पारितोषिक दिले. अमेरिकेतील ओहायो संस्थानात १८३३ साली निघालेल्या एका महाविद्यालयाला ओबर्लिनचे नाव देण्यात आले. खडकाच्या अंमलाची कीर्ती समुद्रापार गेली.

पण भाषेने आपला सूड अद्याप उगविला नव्हता. १८७१ मध्ये हा मुलूख जर्मन साम्राज्यात गेला, तेव्हा वाल्डर्सबाखची माणसे फ्रेंच बोलणारी म्हणून ओळखली गेली. आणि काही काळ अशा गावांना सवलत मिळाली तरी दरबारची भाषा जर्मनच झाली. १९४० मध्ये आल्सास पुन्हा जर्मनांच्या हाती सापडला तेव्हा फ्रेंच भाषेवर बंदीच आली. आणि त्याच रोतो गावाच्या वरच्या रानात, गुलाबी ग्रॅनाइटच्या खाणीजवळ, १९४१ मध्ये नात्सवाइलर-स्त्रुतोफ ही छळछावणी उभारण्यात आली. ज्या दरीत एका माणसाने आपल्या लोकांना वाट मिळावी म्हणून रस्ता केला होता, तीमधील स्टेशनावर आता कैदी उतरविले जात होते. ज्या फ्रेंच भाषेसाठी गावाने आपली बोली सोडली, ती फ्रेंच बोलणे हाच आता गुन्हा ठरला. युद्धानंतर फ्रेंच परत आली. बोली आली नाही. तोवर ती म्हाताऱ्यांच्या तोंडी, गुरांना हाक मारण्यापुरती आणि आपसातल्या थट्टेपुरती उरली होती, आणि आज ती घरात बोलणारे जवळजवळ कोणी राहिलेले नाही.

हा दोष धाकट्या भावाला द्यावा काय? मला तसे वाटत नाही. बोली टिकावी म्हणून मुलांनी दरिद्री राहावे, असे म्हणण्याचा अधिकार ज्याच्या स्वतःच्या मुलांना दोन भाषा येतात त्याला नाही. पण थोरल्या भावाचे काम निरुपयोगी होते असेही म्हणता येणार नाही. १८७० च्या ऑगस्टमध्ये स्ट्रासबूर्गवर तोफांचा मारा झाला आणि शहराचे प्रख्यात ग्रंथालय, त्यातील अमोल हस्तलिखितांसह, एका रात्रीत जळून गेले. ज्या शहरात हा पंडित जन्मभर ग्रंथ सांभाळीत बसला, त्या शहराची ग्रंथसंपदा राख झाली. सुदैवाने १७७५ चा तो छोटा निबंध छापलेला असल्यामुळे त्याच्या प्रती अन्यत्र पोचलेल्या होत्या. आज वाल्डर्सबाखच्या जुन्या धर्मगृहात ओबर्लिनचे संग्रहालय आहे. मुलांना शिकवावयाची चित्रे, वाळविलेल्या वनस्पती आणि नकाशे यांमधून हिंडणारा प्रवासी धाकट्या भावाने बांधलेल्या रस्त्याने वर आलेला असतो. पण त्या वनस्पतींना येथली मुले विणकामाच्या खोलीत पहिल्यांदा कोणत्या नावाने ओळखीत असत, हे त्याला जाणून घ्यावयाचे असेल, तर थोरल्या भावाचे पुस्तकच उघडावे लागेल.